नागपुरात बांधकाम परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

नागपुरात बांधकाम परवानगीचा प्रस्ताव त्रुटी लावून परत येतो, तेव्हा दोष बहुधा नकाशात नसतो. खोल्या, जिने, सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) हे सारे आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता नीट काढतोच, आणि चुकले तर संगणकप्रणाली ते दाखवून देते. प्रस्ताव अडतो तो भूखंडाच्या कागदांवर, मोजमापांच्या विसंगतीवर आणि मुदती चुकीच्या वाचल्यामुळे. साइट इंजिनिअर, सर्वेक्षक, पर्यवेक्षक आणि स्वतःच फाइल घेऊन फिरणारे मालक या सगळ्यांना याच तीन ठिकाणी अडकलेले वारंवार पाहावे लागते, म्हणून इथे भर त्यांवरच दिला आहे.

चौकट थोडक्यात सांगायची तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज होतो आणि कलम ४५ खाली त्यावर निर्णय होतो. नियम आहेत ते एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात आणि जी डिसेंबर २०२० पासून लागू आहे. अर्ज मालकाने किंवा त्याच्या नोंदणीकृत मुखत्याराने, तांत्रिक व्यक्तीमार्फत (म्हणजे आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत), ऑनलाइन करायचा असतो. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या आर्किटेक्टला वेगळा परवाना लागत नाही. अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांना मात्र तो घ्यावा लागतो, आणि त्याची मुदत संपलेली असल्याचे प्रस्ताव दाखल करतानाच कळले, असे अजूनही घडते.

अर्ज महापालिकेकडे, नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला विचित्र वाटेल. नागपूरकराला वाटणार नाही. नियमावली तिघांना एकच असली तरी दारे तीन आहेत, आणि गेल्या काही वर्षांत अधिकारांची फिरवाफिरव एवढी झाली की शेजारच्या भूखंडाची मंजुरी ज्या कार्यालयातून मिळाली तेच आपलेही कार्यालय असेल, असे गृहीत धरता येत नाही. मौजा आणि खसरा क्रमांक देऊन आपला भूखंड कोणाच्या हद्दीत येतो हे शुल्क भरण्याआधी विचारून घ्यावे, शक्यतो लेखी.

मालकीचे कागद

नियमावली मागते ते साधे वाटते: सहा महिन्यांपेक्षा जुना नसलेला सातबारा किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मोजणी नकाशा, मंजूर अभिन्यासाची (ले-आउटची) प्रमाणित प्रत, तांत्रिक व्यक्तीने दिलेला क्षेत्रफळाचा तक्ता, आणि जागा भाडेपट्ट्याची असेल तर पट्टा देणाऱ्याचे ना-हरकत पत्र. प्रत्यक्षात शहराच्या भोवतालच्या जुन्या ले-आउटांमध्ये यातले निम्मे कागद कोणाकडेच नसतात. विक्रीपत्र असते, घरकराची पावती असते, विजेचे बिलही असते. पण सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचे किंवा ले-आउट पाडणाऱ्या सोसायटीचे नाव असते, कारण खरेदीनंतर फेरफार कोणी घेतलाच नाही. विक्रीपत्रावर मालकी सिद्ध होत असेलही, परंतु अर्ज तपासणारा लिपिक सातबाऱ्यावर नाव शोधतो आणि ते नसले की त्रुटी लावतो. फेरफाराला वेळ लागतो. तो नकाशा काढायला देण्याच्या आधी सुरू करावा, नंतर नव्हे.

अनधिकृत ले-आउटमधील भूखंडांबाबत गुंठेवारी कायद्याखालील नियमितीकरण पत्र, म्हणजे ज्याला नागपुरात आरएल म्हणतात ते, हाच मूळ कागद होय. ५७२ आणि १९०० ले-आउट या अनधिकृत ले-आउटांच्या दोन गटांची नावे शहरात लहान पोरालाही ठाऊक असावीत, इतकी ती रुळली आहेत. इथे दोन गैरसमज सतत दिसतात. पहिला असा की डिमांड, म्हणजे नियमितीकरणासाठी मागितलेले शुल्क, भरल्याची पावती म्हणजेच आरएल. तसे नाही, पावती पैसे भरल्याचा पुरावा आहे, आणि पैसे भरूनही पत्र न उचललेली माणसे कमी नाहीत. दुसरा असा की आरएल भूखंडाबरोबर आपोआप नव्या मालकाच्या नावावर जाते. पत्रावर आधीच्या मालकाचे नाव असेल, तर त्या नावापासून अर्जदारापर्यंतची सगळी विक्रीपत्रे एकामागोमाग जोडावी लागतात, आणि मधले एखादे नुसत्या मुखत्यारपत्रावर उरकलेले असेल तर साखळी तिथेच तुटते. भूखंड घेण्यापूर्वी सल्ला विचारणाऱ्याला हे आवर्जून सांगावे.

नझूल, म्हणजे शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या, जागेच्या बाबतीत भाडेपट्ट्याची मुदत पाहावी. आखीव पत्रिकेवर पट्टेदाराचे नाव असते आणि त्यावरच मंडळी निश्चिंत राहतात. पट्टा कधीचा संपलेला असतो. नूतनीकरण किंवा ते प्रलंबित असताना संबंधित कार्यालयाचे पत्र, यांपैकी काहीही नसेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. भूखंड गहाण असेल किंवा त्यावर कोणाशी विक्रीचा करारनामा झालेला असेल, तर त्या तिसऱ्या व्यक्तीची नोंदणीकृत संमती लागते. साध्या कागदावरचे ना-हरकत पत्र तिथे चालत नाही, आणि हे अर्जदाराला शेवटी सांगितले जाते, आधी नाही.

तीन क्षेत्रफळे

मंजुरीच्या नकाशावर जो क्षेत्रफळाचा तक्ता असतो, त्याच्या पहिल्याच ओळीत भूखंडाचे क्षेत्र तीनदा विचारले आहे: मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणी नकाशाप्रमाणे आणि जागेवर. तिन्हींपैकी सर्वांत कमी असेल ते धरायचे. सर्वेक्षकाच्या दृष्टीने सगळ्या अर्जात ही ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिघांची बरोबरी करण्यासाठी आकडे जुळवून टाकणे हा सर्वांत महाग पडणारा शॉर्टकट आहे.

उदाहरण साधे घेऊ. विक्रीपत्रात ३० बाय ५० फूट लिहिले आहे, म्हणजे १,५०० चौरस फूट, म्हणजे १३९.३५ चौरस मीटर. आता कोणी बाजू आधी मीटरमध्ये करून ९.१ आणि १५.२ अशा छाटल्या आणि मग गुणाकार केला, तर येतात १३८.३२. एक चौरस मीटर नुसत्या छाटण्यात गेले, आणि तक्त्यातला आकडा विक्रीपत्राशी जुळेना. बाजू ९.१४४ आणि १५.२४ अशाच ठेवाव्यात, छाटायचे ते शेवटच्या उत्तरात. दुसरी गोष्ट कर्णांची. हा भूखंड खरोखर काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण १७.७७ मीटर यायला हवेत. जागेवर एक १७.६० आणि दुसरा १७.९५ आला, तर चारही बाजू बरोबर असूनही भूखंड तिरका आहे, क्षेत्रफळ गुणाकाराने काढता येत नाही, आणि बाजूचे सामासिक अंतर मागच्या कोपऱ्यात कमी पडण्याची शक्यता आहे. नियमावली क्षेत्रफळाचा तक्ता त्रिकोण पाडून मागते ते याचसाठी; तो केवळ नकाशाच्या कोपऱ्यात शोभेसाठी काढायचा नसतो.

जागा कागदापेक्षा जास्त भरली तर अर्जदार खूश होतो. त्याला वेळीच सांगावे की ती जास्तीची जागा एफएसआयमध्ये (भूखंडाच्या प्रमाणात अनुज्ञेय बांधकाम क्षेत्रात) धरली जात नाही, उलट ती रस्त्याची किंवा शेजाऱ्याची असण्याचा संभव आहे आणि पुढे कुंपणाच्या भिंतीवरून वाद होईल. वर्गवारीवरही याचा परिणाम होतो. १५० चौरस मीटरपर्यंतचे भूखंड कमी जोखमीच्या आणि त्यापुढे ३०० पर्यंतचे मध्यम जोखमीच्या वर्गात येतात. दोन्हींसाठी प्रक्रिया सोपी केली आहे, पण तिथे तांत्रिक व्यक्तीचे प्रमाणपत्र हाच मंजुरीचा आधार असतो. सही करणाऱ्याने तो भार ओळखावा. मजल्यांच्या मर्यादाही वेगळ्या आहेत, त्यामुळे १४८ की १५३ हा प्रश्न केवळ पाच चौरस मीटरचा राहत नाही.

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे जितक्या लवकर जाईल तितका बरा. मोजणीच्या दिवशी लगतच्या भूखंडधारकांनी हजर राहून वाद घातला तर तारीख पुढे जाते, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

विमानतळाची उंची

सोनेगाव, खामला, जयताळा, सोमलवाडा या भागांत आणि एकूणच शहराच्या मोठ्या पट्ट्यात विमानतळाच्या उंचीच्या मर्यादा लागतात. केंद्र शासनाच्या २०१५ च्या नियमांनुसार विमानतळ प्राधिकरणाने रंगवार झोनचा नकाशा दिला आहे आणि त्यात प्रत्येक चौकटीत अनुज्ञेय उंची लिहिलेली असते. ही उंची समुद्रसपाटीपासूनची असते, जमिनीपासूनची नव्हे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. समजा आपल्या चौकटीत ३४० लिहिले आहे आणि भूखंडाची पातळी ३१२ आहे, तर शिल्लक राहतात २८ मीटर, आणि त्यातच पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, तडिताघातरोधक, अँटेना असे सगळे बसवायचे आहे. गच्चीच्या पातळीवर हिशेब थांबवणारे इथे फसतात.

लाल चौकटीत किंवा अनुज्ञेय उंचीच्या वर जायचे असेल तर प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर स्वतंत्र अर्ज लागतो, आणि त्यासोबत भूखंडाच्या कोपऱ्यांचे डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएसमध्ये वापरली जाणारी प्रणाली) मधील अक्षांश-रेखांश निर्देशांक व जमिनीची पातळी यांचे प्रमाणपत्र. हा कागद अर्जदाराकडे कधीच नसतो. मोबाइलवर काढलेले निर्देशांक आणि नकाशाच्या संकेतस्थळावरून घेतलेली पातळी टाकून काम भागत नाही. ज्यांच्याकडे योग्य उपकरण आणि प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आहे, त्यांच्याकडूनच ते करून घ्यावे.

साठ दिवस, एक वर्ष, चार वर्षे

कलम ४५ नुसार साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिल्याचे मानले जाते, हे वाक्य अर्जदारांना तोंडपाठ असते. पुढचे अर्धे कोणी वाचत नाही. साठ दिवस अर्ज मिळाल्यापासून किंवा प्राधिकरणाने विचारलेल्या माहितीचे उत्तर त्यांना मिळाल्यापासून, यांतील जे नंतरचे असेल तिथून मोजायचे असतात. पंचावन्नाव्या दिवशी एखादी किरकोळ त्रुटी निघते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर जाते, हा योगायोग किती वेळा घडावा याला काही सुमार असायला हवा. शिवाय प्रस्ताव नियमावलीशी तंतोतंत जुळत असेल तरच मानीव परवानगीचा आधार घेता येतो. तिच्या भरवशावर खोदकाम सुरू करण्याचा सल्ला कोणालाही देऊ नये. त्रुटीचे उत्तर ज्या दिवशी दाखल केले त्याची पोच मात्र जपून ठेवावी. परवानगी रीतसर नाकारली गेली, तर आदेश कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली अपील करता येते. त्रुटी काढून प्रस्ताव परत पाठवणे म्हणजे नकार नव्हे, त्यावर अपील होत नाही.

परवानगी मिळाल्यानंतरची चूक याहून महाग आहे. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, एकूण चार वर्षे चालते असे वाचून लोक निवांत होतात. पण दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठीचा अर्ज वर्ष संपण्याआधी द्यायचा असतो. उशीर झाला तर शुल्क घेऊन तो माफ होऊ शकतो, चार वर्षांची कमाल मर्यादा मात्र हलत नाही, आणि ती ओलांडली की नव्याने प्रस्ताव. मुदतीत काम सुरू झाले असेल तर नूतनीकरणाची गरज नाही, असेही नियमावली म्हणते. इथेच खरा घोटाळा आहे, कारण काम सुरू झाले म्हणजे काय हे नियमावलीने ठरवून दिले आहे: इमारतीच्या बाबतीत जोत्यापर्यंतचे बांधकाम. कुंपणाची भिंत, बोअरवेल, भूमिपूजन, पायाचे खड्डे यांतले काहीही त्यात बसत नाही. जून महिन्यात परवानगी मिळते, पाऊस लागतो, काळ्या मातीत खड्डे पाण्याने भरतात, मालक म्हणतो दिवाळीनंतर पाहू, दिवाळीनंतर पैशांची जुळवाजुळव होते, आणि पुढच्या जूनमध्ये जमिनीवर फक्त सळया उभ्या असतात. अशा साइटवर मे महिन्यातच नूतनीकरणाचा अर्ज टाकावा.

जोते पूर्ण झाल्यावर नियमावलीच्या परिशिष्ट एफ मधील सूचना तांत्रिक व्यक्तीच्या प्रमाणपत्रासह द्यायची असते. ती वेळेवर दिलेली असेल तर काम मुदतीत सुरू झाल्याचा पुरावाही तीच ठरते. तारीख दिसेल असे फोटो सोबत जोडावेत. मधेच देखरेख सोडणाऱ्या अभियंत्याने किंवा आर्किटेक्टने प्राधिकरणाला लेखी कळवावे, नाही तर पुढच्या बांधकामाची जबाबदारी कागदोपत्री त्याच्याच नावावर राहते. नवी नेमणूक होईपर्यंत मालकाने काम थांबवायचे असते.

कामगार कल्याण उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का आहे. स्वतःच्या राहण्यासाठीचे, कायद्याने ठरवलेल्या खर्चमर्यादेच्या आतले घर त्यातून वगळले आहे. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण करावे लागते. या दोन्हींच्या पावत्या व फोटो पूर्णत्वाच्या वेळी शोधत बसण्यापेक्षा सुरुवातीपासून फाइलला लावावेत.

शेवटी तांत्रिक व्यक्तीने परिशिष्ट जी मध्ये पूर्णत्वाचे प्रमाणपत्र द्यायचे आणि त्यावरून भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) मिळवायचे. पाहणीच्या वेळी बंद केलेल्या बाल्कनी, जिन्याखाली काढलेली खोली आणि पार्किंगमध्ये उभारलेले गाळे सापडतात. ही कामे प्रमाणपत्र हाती आल्यावर करू असे मालक सुचवतो, तेव्हा सही करणाऱ्याने आपला परवाना आठवावा. इमारतीचा काही भागच तयार असेल तर त्यापुरते अंशतः भोगवटा प्रमाणपत्र मागता येते. मात्र त्या भागाचा जिना, पाणी, सांडपाणी आणि वाहनतळ पूर्ण झालेले असावेत, आणि मजला क्रमांक व सदनिका क्रमांक मंजूर नकाशावर आहेत तसेच अर्जात लिहावेत.