मोठा एसी घेण्याआधी खोलीच्या फटी तपासून घ्या

एप्रिल लागला की आमच्या दुकानात रोज एकच तक्रार : "एसी चालू आहे, पण खोली गार होत नाही. गॅस संपला असेल, भरून द्या." गॅस कधी कधी खरंच गळालेला असतो. पण नागपुरात बरेचदा खोलीच गळत असते. आपली घरं कूलरच्या हिशेबाने बांधलेली. कूलरची हवा एकीकडून आत आली की दुसरीकडून बाहेर जायला हवी, नाहीतर चिकचिक होते. एसीला नेमकं उलटं लागतं. एसी येतो, कूलरची खिडकी मात्र तशीच राहते. तिच्यावर प्लायचा तुकडा आणि कडेला पेपरच्या घड्या.

तीन फुटी दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे १८ चौरस इंच. भिंतीला सव्वाचार इंच लांब आणि तेवढंच रुंद भोक पडलं असतं, तर त्याच दिवशी मिस्त्री आला असता.

आम्ही तपासतो कसं

खोलीच्या दारात कापड ताणलेली चौकट बसवतो, तिच्यात पंखा. खिडक्या, एसी, छताचा पंखा सगळं बंद. आमचा पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतो आणि आतला दाब ५० पास्कलने उतरवतो. घाबरू नका, नळीतलं पाणी ५ मिलिमीटर चढेल एवढाच हा दाब. आता जिथे फट असेल तिथून हवा आत घुसते, तळहाताला सरळ लागते. दाब टिकवायला तासाला किती हवा ओढावी लागली, त्याला खोलीच्या घनफळाने भागलं की आकडा मिळतो. अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठी जर्मनीतून आलेल्या पॅसिव्ह हाऊस प्रमाणकात पूर्ण घरासाठी तो ०.६ च्या आत लागतो. आपल्याला तेवढं काटेकोर व्हायचं कारण नाही. काम करण्याआधीचा आणि नंतरचा आकडा आम्ही तुमच्यासमोर मोजतो, तेवढं पुरे. चौकट दारातच बसते, म्हणून दाराखालची फट यात धरली जात नाही. ती आम्ही पट्टीने वेगळी मोजतो.

खोलीला लागून बाथरूम असेल तर अर्धी तपासणी तुम्हीच करू शकता. मधलं दार उघडं ठेवा, बाकी सगळं बंद करा, बाथरूमचा एक्झॉस्ट लावा आणि पेटती उदबत्ती चौकटींच्या कडेने फिरवा. पडद्यांपासून जरा जपून. मनीषनगरातल्या एका घरी खिडकीपाशी धूर सरळ वर जात होता, पण एसीच्या पाइपजवळ नेताच खोलीत फेकला गेला. प्लास्टिकचं झाकण काढलं तर पाइपभोवती कोंबलेला थर्माकोल, आणि पलीकडे चक्क उजेड. त्या घरी दीड टनाच्या जागी दोन टनाचा एसी घ्यायचं ठरलं होतं.

काय बुजवायचं, काय नाही

पाइपच्या भोकाला फोम, दाराखाली ब्रशची पट्टी, कूलरच्या खिडकीला नीट बसणारं झाकण. स्लायडिंग खिडकीची केसाळ पट्टी काही वर्षांत झिजते, ती बदलायची. पण त्याच खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधली बारीक भोकं बुजवू नका. पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं.

स्वयंपाकघराला आणि गॅस गिझर असलेल्या बाथरूमला आम्ही हात लावत नाही, कितीही आग्रह केला तरी. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. तिथला झरोका उघडाच हवा. झोपायच्या खोलीची खिडकीही सकाळी थोडा वेळ उघडत जा.

फटी बुजल्या की रिमोट १८ वर नेऊन ठेवायची गरज पडत नाही. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. महावितरणच्या बिलात ३०० युनिटांपुढे दर चढतो, हे मे महिन्यात सगळ्यांनाच आठवतं.

तपासणीचे पैसे वेगळे, बुजवण्याचे वेगळे. बुजवायचं काम तुमच्या ओळखीच्या सुताराकडून करून घेतलंत तरी आमची हरकत नाही. आम्ही येण्याआधी खिडकीपुढचं सामान तेवढं हलवून ठेवा, उदबत्ती आमची.