पाळी ‘आणणारी’ गोळी आणि झाकलेली उपासमार

‘लग्न झाले की पाळी आपोआप सुरळीत होते’ या समजुतीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. तरीही ती ऐकत वाढलेल्या काही मुलींची पाळी ज्या कारणाने बंद पडते, ते गर्भाशयात नसून ताटात असते. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा वजन वाढण्याच्या तीव्र भीतीपोटी अन्न तोडत नेणारा मानसिक आजार आहे. आपल्याकडे उपवासाचे कौतुक होत असल्याने तो घरात सहज खपून जातो, आणि मुलगी अनेकदा मानसोपचारतज्ज्ञाऐवजी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पोहोचते.

ऊर्जेचा साठा किती उरला आहे, हे चरबीच्या पेशी लेप्टिन या संप्रेरकाद्वारे मेंदूतील हायपोथॅलॅमसला कळवत असतात. पाळीचक्राच्या पूर्वार्धात हायपोथॅलॅमस साधारण ६० ते ९० मिनिटांनी जीएनआरएच या संप्रेरकाचा एकेक झोत सोडतो. त्याची संततधार लागली तर मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी दाद देईनाशी होते. तो थांबून थांबून आला, तरच ती एलएच आणि एफएसएच ही अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके पुरेशी स्रवते आणि त्यांच्या बळावर अंडाशयात बीज पिकते, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होते. उपासमारीत लेप्टिन घसरले की हे झोत विरळ होतात आणि पाळी थांबते. वजन झपाट्याने उतरलेले असेल, तर ते वरकरणी ‘नॉर्मल’ असतानाही हे घडू शकते.

अशा वेळी गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या की दरमहा रक्तस्राव होतो आणि घरचे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात गोळीतील संप्रेरके थांबल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडलेले असते; हायपोथॅलॅमस पूर्वीइतकाच मंदावलेला राहतो. हाडांचेही रक्षण होत नाही, कारण पोटात घेतलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाताना, हाडांच्या घडणीला लागणाऱ्या आणि उपासमारीने आधीच घटलेल्या आयजीएफ-१ या संप्रेरकाची निर्मिती आणखी दाबते. म्हणूनच एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा रुग्णांना केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी या गोळ्या देऊ नयेत असे सुचवले.

सोनोग्राफी कधीकधी गोंधळात भरच घालते. उपासमारीने पाळी थांबलेल्या काही स्त्रियांच्याही अंडाशयात अनेक लहान पुटिका दिसतात, त्यावरून पीसीओएसचे (संप्रेरकांच्या असंतुलनाने पाळी अनियमित करणाऱ्या विकाराचे) निदान होते आणि पाठोपाठ ‘वजन कमी करा’ असा सल्ला मिळतो, जो या रुग्णासाठी विषासमान आहे. रक्तातील एलएच कमी आहे का हे तपासले, आणि सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसवून ‘रोज काय जेवतेस?’ असे शांतपणे विचारले, तर ही चूक बऱ्याच अंशी टळते.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पाळी बंद असणे ही अ‍ॅनोरेक्सियाची अटच होती. ती २०१३ मध्ये वगळली गेली. ब्रिटनमध्येही केवळ बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) पाहून उपचार द्यायचे की नाही हे ठरवू नये, असे उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेला २०१७ मध्ये स्पष्टपणे लिहावे लागले.