मुद्दा मांडला की प्रश्न विचारला? विरोधी सदस्याचा वर्षअखेरचा अहवाल वाचताना

डिसेंबर उजाडला की विरोधी बाकांवरच्या आमदार-खासदारांचे कार्य अहवाल येऊ लागतात. मुखपृष्ठावर भाषण करतानाचा फोटो, आत एका पानावर देशाचे प्रश्न आणि दुसऱ्यावर मतदारसंघाचे. महागाई, पीकविमा, पेपरफुटी एकीकडे. तालुक्याची पाणीयोजना, बंद पडलेली एसटी फेरी, ग्रामीण रुग्णालयातली रिक्त पदे दुसरीकडे. आणि बहुतेक ओळींचा शेवट एकच: ‘सभागृहात आवाज उठवला’.

या एका शेवटाखाली दोन अगदी वेगळी कामे सर्रास कोंबली जातात. एका कामात सदस्य सरकारला उत्तर द्यायला भाग पाडतो. दुसऱ्यात तो स्वतःचे म्हणणे मांडतो आणि खाली बसतो. कार्यकर्ते हे दोन्ही एकाच दमात सांगतात, स्थानिक वर्तमानपत्रे एकाच मथळ्याखाली छापतात आणि मतदारही दोन्हींना सारखेच गुण देऊन मोकळा होतो. सत्ताधारी आमदाराला निदान रस्ता दाखवता येतो, पूल दाखवता येतो. विरोधकाच्या हातात वर्षभर एवढेच असते: सरकारला तोंड उघडायला लावणे. त्यामुळे हा फरक पुसला गेला की सर्वांत जास्त नुकसान मन लावून काम करणाऱ्या विरोधी सदस्याचेच होते.

पहिले काम प्रश्नोत्तराच्या तासातले, म्हणजे सदस्यांनी मंत्र्यांना प्रश्न विचारण्याचे. तो तास तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. लोकसभेत किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. दिवसाला २० तारांकित प्रश्न सोडतीने निवडले जातात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्न दिवसाला २३० पर्यंत असतात आणि त्यांची उत्तरे फक्त लेखी मिळतात. तारांकित-अतारांकित या भेदावर लोक फार अडकतात. तारा मिळणे बरेचसे सोडतीतल्या नशिबावर असते, त्यामुळे तो कर्तृत्वाचा पुरावा धरू नका. उलट जिल्हावार आकड्यांचा तक्ता हवा असेल तर मला अतारांकित प्रश्नच जास्त आवडतो. तोंडी उत्तरात मंत्री विषय फिरवू शकतो, पण तक्त्यातला रकाना भरावाच लागतो.

खरी मौज उत्तराच्या भाषेत आहे. आपल्या विधानसभेतल्या तारांकित प्रश्नांची छापील यादी एकदा हातात घेऊन बघा. साचा ठरलेला असतो. ‘(१) अमुक तालुक्यातील नळपाणी योजना अपूर्ण आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत चौकशी करण्यात आली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ त्याखाली मंत्र्यांचे उत्तर: ‘हे अंशतः खरे आहे.’ किंवा: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

वाचणारा कंटाळून पान उलटतो. उलटू नका. ‘अंशतः खरे आहे’ याचा अर्थ सरकारने सही-शिक्क्यानिशी काहीतरी कबूल केले. तो कागद घेऊन ग्रामपंचायत जिल्हा परिषदेत जाऊ शकते, पत्रकार पुढचे खोदकाम करू शकतो, वकील याचिकेला जोडू शकतो. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हेही सरकारचे अधिकृत म्हणणे असते. विलंब झालेला असताना झाला नाही असे जाणूनबुजून सांगितले असेल, तर सभागृहाची दिशाभूल केल्याबद्दल विशेषाधिकारभंगाची सूचना देता येते. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांत कसा गेला, हे प्रकरण लोकसभेतल्या प्रश्नापासूनच सुरू झाले. अर्थमंत्र्यांच्या उत्तराने समाधान न झाल्याने फिरोज गांधींनी ते लावून धरले, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये टी. टी. कृष्णमाचारी यांना अर्थमंत्रिपद सोडावे लागले. फिरोज गांधी तर सत्ताधारी बाकांवरचे होते. उत्तराची ताकद इतकी असते.

आता दुसरे काम. लोकसभेत दुपारी १२ वाजता प्रश्नोत्तराचा तास संपला की शून्य प्रहर सुरू होतो. (राज्यसभेत २०१४ पासून क्रम उलटा आहे, आधी शून्य प्रहर आणि १२ वाजता प्रश्न. एवढेच लक्षात ठेवा, बाकी फरक पडत नाही.) शून्य प्रहर मुळात नियमावलीतून आलेला नाही, तो प्रथेने रुळला. त्याच दिवशी सकाळी सूचना देता येते, दोन-तीन मिनिटे मिळतात, सदस्य बोलतो आणि अध्यक्ष पुढचे नाव पुकारतात. मंत्र्यावर त्या वेळी उत्तर देण्याचे बंधन नसते. मनात आले तर उठून बोलतो, बहुतेक वेळा बोलत नाही. नियम ३७७ खालची सूचना हा याचाच सावकाश भाऊ: लिहिलेला मजकूर वाचायचा किंवा पटलावर ठेवायचा. त्यावर संबंधित मंत्रालयाने महिन्याभरात सदस्याला पत्राने उत्तर पाठवायचे असते. ते पत्र मी आजवर एकाही अहवालात छापलेले पाहिलेले नाही. भाषणाचा फोटो अर्धे पान खातो आणि सरकारचे उत्तर मात्र कार्यालयातल्या फायलीत पडून राहते. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

शून्य प्रहर कमी प्रतीचा आहे, असा याचा अर्थ नाही. कधी कधी तेवढेच एक हत्यार हातात असते, आणि कांद्याने ते दाखवून दिले. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दिल्लीतला निर्णय आणि घरातला प्रश्न, दोन्ही एकदमच होता. अधिवेशन ४ डिसेंबरला सुरू झाले होते आणि २१ तारखेला संपले. ८ डिसेंबरला प्रश्नाची सूचना दिली असती, तरी १५ दिवसांच्या अटीमुळे तो अधिवेशन संपल्यावरच यादीत आला असता. म्हणजे त्या पंधरवड्यात खासदाराने शून्य प्रहरात कांद्यावर बोलणे हेच बरोबर होते. अशा वेळी ‘मुद्दा मांडला’ असे लिहिलेले मी आदराने वाचतो.

माझी विचारणा त्यापुढची आहे. अधिसूचना मार्च २०२४ अखेरपर्यंतची होती आणि बंदी प्रत्यक्षात उठली ती मेमध्ये, तीही ४० टक्के निर्यातशुल्क आणि किमान निर्यातमूल्य लावून. मधल्या काळात, ३१ जानेवारीपासून, संसदेचे आणखी एक अधिवेशन झाले. तिथे वाणिज्य मंत्रालयाला किंवा ग्राहक व्यवहार मंत्रालयाला लेखी प्रश्न गेला का? बंदीचा निर्णय कोणत्या उत्पादन अंदाजावर घेतला, सरकारी खरेदी किती झाली आणि कोणत्या भावाने, हे विचारले का? डिसेंबरमध्ये बोललेल्या खासदाराने हा दुसरा टप्पा पार पाडला असेल तर त्याच्या अहवालात ती दोन पाने एकमेकांना जोडलेली दिसली पाहिजेत. नसेल तर त्याने शेतकऱ्याचे दुःख सांगितले, पण सरकारकडून काही काढून घेतले नाही.

त्याच डिसेंबरात आणखी एक गोष्ट घडली, आणि हा फरक किती खरा आहे हे तिने दाखवले. संसदेच्या सुरक्षेत झालेल्या घुसखोरीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे अशी मागणी विरोधक करत होते. त्यावरून दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. महाराष्ट्रातल्या सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे त्यांत होते. निलंबनानंतर त्या सदस्यांच्या नावावरचे प्रश्न यादीतून वगळले गेले. सदस्याला सभागृहाबाहेर काढले, तर त्याने विचारलेले उत्तर सरकारला द्यावे लागू नये, हा प्रकार मला त्या निलंबनाइतकाच गंभीर वाटतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये कोविडचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, तेव्हाही शून्य प्रहर अर्धा तास ठेवला होता. कोणत्याही सरकारला शून्य प्रहर सोसवतो. त्याला अडचण होते ती उत्तर देण्याची.

आता नागपूरला या, कारण आमदारांचे अहवाल हिवाळी अधिवेशनानंतरच निघतात आणि तिथे तर गोंधळाची कमालच असते. दिल्लीतल्या जोडीसारखीच इथे एक जोडी आहे: लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा. प्रसिद्धिपत्रक असे लिहिलेले असते: ‘औचित्याच्या मुद्द्याद्वारे शासनाचे लक्ष वेधले.’ दुसऱ्या दिवशी बातमी येते: ‘आमदारांची लक्षवेधी.’ झाले, वर्षअखेरच्या अहवालातही ती लक्षवेधी म्हणूनच बसते.

लक्षवेधी विधानसभेत नियम १०५ खाली आणि विधान परिषदेत नियम १०१ खाली येते. ती अध्यक्षांनी, परिषदेत सभापतींनी, स्वीकारावी लागते. एकदा कामकाजाच्या यादीत आली की संबंधित मंत्र्याला त्यावर निवेदन करावे लागते. त्या निवेदनाची प्रत सदस्यांच्या हातात असते. मग सदस्य प्रश्न विचारतात, मंत्री उभा राहून उत्तरे देतो आणि कोंडीत सापडला की बोलून जातो: चौकशी लावतो, अहवाल आल्यावर कारवाई करतो, अधिवेशन संपायच्या आत बैठक घेतो. लक्षवेधीची सारी किंमत या वाक्यांत आहे, कारण सभागृहात दिलेले आश्वासन नोंदले जाते आणि सभागृहाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. मंत्री हजर नसेल तर लक्षवेधी पुढे ढकलावी लागते. मार्च २०२३ मध्ये तसे झाले, तेव्हा विरोधी पक्षनेते असलेले अजित पवार सभागृहात भडकले होते. मंत्र्याच्या गैरहजेरीने ज्याचे काम अडते, त्या आयुधात दम आहे हे समजून जावे.

औचित्याच्या मुद्द्याला मंत्री हजर असला काय, नसला काय, फरक पडत नाही. सदस्य आपला मजकूर वाचतो. फार तर अध्यक्ष म्हणतात, ‘शासनाने नोंद घ्यावी.’ तिथेच उत्तर द्यायचे बंधन नाही, उलटप्रश्न नाहीत, म्हणून आश्वासनही नाही. गावातली अडचण सभागृहाच्या कामकाजात नोंदली गेली, हे त्याचे मोल आहेच. पहिल्यांदा निवडून आलेल्या, मागच्या बाकावरच्या विरोधी आमदाराला कित्येकदा तेवढीच संधी मिळते, आणि ती त्याने जरूर घ्यावी. अहवालात तिला तिच्या नावाने हाक मारावी, एवढेच मागणे.

एक उपप्रकार इथेच सांगून टाकतो. लक्षवेधीवर आणि तारांकित प्रश्नावर पुष्कळदा अनेक सदस्यांची नावे असतात. मूळ सूचना एकाची, बोलला दुसरा आणि अहवालात श्रेय सगळ्यांचे, हे चालू देऊ नये. आणि ‘वर्षभरात इतके शे प्रश्न विचारले’ अशी नुसती संख्या छापणे तर बंदच व्हावे. एकाच नळपाणी योजनेवर चिकाटीने पाठोपाठ आलेले तीन प्रश्न मला शंभर सुट्या प्रश्नांपेक्षा मोलाचे वाटतात, कारण पहिल्या उत्तरातली पळवाट दुसऱ्या प्रश्नाने बंद करता येते.

अहवालात आणखीही एक-दोन गल्लती असतात, त्या पटकन निपटतो. मंत्र्याला निवेदन देतानाचा फोटो म्हणजे सभागृहातले कामकाज नव्हे. ते कोणीही नागरिक करू शकतो. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो, खासदार कामे सुचवतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देते. तो विरोधकालाही सत्ताधाऱ्याइतकाच मिळतो, त्यामुळे त्यातले सभामंडप हा संघर्षाचा विजय म्हणून सांगू नये. आणि पक्षाचा गटनेता म्हणजे विरोधी पक्षनेता नव्हे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत त्या पदासाठी प्रथेने धरल्या जाणाऱ्या २८८ पैकी एक दशांश, म्हणजे २९ जागा, विरोधातल्या एकाही पक्षाला मिळाल्या नाहीत. सर्वांत मोठ्या पक्षाला २० मिळाल्या आणि निकालानंतर विधानसभेतले ते पद रिकामे राहिले. सगळ्यांच्या वतीने सरकारला जाब विचारणारी ती खुर्ची रिकामी असताना एकेकट्या सदस्याच्या प्रश्नाला आणि लक्षवेधीला जास्तच वजन येते.

तेव्हा या वर्षीचा अहवाल हातात आला की तुमच्या गावाशी संबंधित एकच ओळ निवडा आणि आमदाराच्या किंवा खासदाराच्या कार्यालयाला फोन करा. कोणत्या तारखेला, कोणत्या आयुधाने, आणि सरकारचे उत्तर काय आले, एवढे विचारा. खासदाराचा प्रश्न असेल तर उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर तुम्हाला स्वतःलाही सापडेल. लक्षवेधी असेल तर मंत्र्याच्या निवेदनाची प्रत मागा. आणि त्यात आश्वासन असेल तर ते दिल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. संसदेत आश्वासन पुरे करायला सरकारला तीन महिने असतात. डिसेंबरात दिलेल्या शब्दाचा हिशेब मार्चमध्ये मागता येतो.