टेफ्लॉन गुंडाळलं की गळती थांबते, हा समज चुकीचा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) प्रेस असो वा खेड्यातलं ऊसतोडणी यंत्र, तेलाच्या नळीचं फिटिंग, म्हणजे जोड, गळलं की सल्ला एकच: आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळा आणि लांब पान्यानं आवळा. शिकाऊ पोरांना आजही हेच शिकवलं जातं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

जेआयसी, म्हणजे शंकूच्या तोंडाच्या, फिटिंगमध्ये तेल आटे अडवत नाहीत. ३७ अंशांच्या शंकूवर धातूला धातू भिडतो, सील तिथे होतं. आट्यांचं काम फक्त दाबून धरण्याचं. तिथे टेप लावली तर उपयोग शून्य, उलट तिचे तुकडे तेलातून जाऊन व्हॉल्व्हचा स्पूल (आत सरकणारा दांडा) अडकवतात. जास्त आवळलं तर फ्लेअर (नळीचं पसरट तोंड) चेपतो, नट तडकतो. फेरूलच्या (नळीला आवळून धरणाऱ्या कड्याच्या) २४ अंशी फिटिंगलाही तेच: हातानं बसवून कंपनीनं सांगितलेले फेरे द्यायचे, बस्स.

खरं दुखणं बहुधा भलत्या जोडीत असतं. अर्ध्या इंचाचे बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे) आणि एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे) दोन्ही इंचाला १४ आटे, म्हणून एकमेकांत चढतात. पण एकाच्या आट्यांचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. दाब वाढला की गळणारच. म्हणून खरेदीआधी थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावा, आणि फिटिंगचा दाब आकडा यंत्राच्या कमाल दाबाशी ताडून बघा. नळी आडवीतिडवी कापलेली, बर (कापताना कडेला राहिलेला खरखरीत धातू) न काढलेली असेल तर महागडं फिटिंगही गळेल.

आणि गळती शोधायला हात कधीच फिरवू नका. २०० बार (बार हे दाबाचं माप) दाबाची तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. पुठ्ठा धरा; तसं काही झालंच तर जखम किरकोळ दिसली तरी थेट दवाखान्यात जा. आवळायचं असेल तर आधी यंत्र बंद करून दाब उतरवा.