किटमधलं जहाज आणि दुहेरी फळीचा वाद

नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणाप्रमाणे आधीच कापलेल्या फळ्या अलीकडच्या काही किटमध्ये (जोडणीच्या संचांत) येऊ लागल्या आणि जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींतला जुना वाद पुन्हा पेटला: बाहेरच्या फळ्यांचा थर एक असावा की दोन?

या वादाचं मूळ शोधायला सतराव्या शतकापर्यंत मागं जायची गरज नाही. त्या काळात इंग्लंडमध्ये आरमारासाठी १:४८ प्रमाणात केलेली, खालचा सांगाडा उघडा ठेवलेली मॉडेलं संग्रहालयांत आहेत. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेल्या फ्रेंच कैद्यांनी हाडांतून कोरलेली जहाजंही आहेत. पण ती कसबी हातांची कामं. खोक्यातून येणाऱ्या जहाजाचा वंश वेगळा.

तो ठळकपणे दिसू लागतो १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत. मासिकांनी गलबतांचे आराखडे छापले, त्यांच्या जोडीनं साहित्याचे संचही विकले जाऊ लागले. त्या काळच्या संचांत पाइनचा भरीव ठोकळा असे, पुढं यंत्रावर अर्धवट घडवलेला. पुठ्ठ्याचे साचे लावून बघायचं आणि तासत राहायचं. फळ्यांचा प्रश्नच नव्हता. आज या ठोकळ्याला फारसं कुणी विचारत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. जहाजाचा आकार डोळ्यांत बसवायला त्याच्यासारखा गुरू नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि डेन्मार्क, मग १९७० च्या दशकात स्पेन, अशी किटची युरोपी शाखा वाढली. तिनं ठोकळा टाकला आणि प्लायवूडचा कणा, त्याच्या खाचांत बसणारे बल्कहेड (जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे तक्ते) आणि वरून पट्ट्या ही रचना घेतली. नकाशे भव्य, सूचना मात्र जेमतेम आणि भाषांतर कसंबसं. प्रमाणं तर अजबच: नेल्सनच्या एकाच ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेची किट १:९८, १:७८ आणि १:७२ अशी निघाली. त्यातली शेवटची पूर्ण झाल्यावर जवळपास १.४ मीटर लांब होते, म्हणजे ती ठेवायची कुठं हे घरच्यांना आधी विचारलेलं बरं.

दोन थरांचा निर्णय याच युरोपी किटनी रुळवला. आतला थर साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या लाइमवूड या फिकट, मऊ लाकडाचा, खिळे ठोकून आणि चिकटवून. त्यावरच्या फटींत लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिश पेपर मारून अंग एकसारखं करायचं आणि मग अर्धा ते एक मिलिमीटरची अक्रोडाची पट्टी. यातली गोम भूमितीत आहे. बल्कहेडचा घेर मध्यावर मोठा, नाळेकडे बराच लहान. फळ्यांची संख्या तीच ठेवायची तर प्रत्येक फळी पुढं निमुळती व्हायलाच हवी. गोदीतले सुतार रुंद लाकडातून वळणासकट फळी कापत. किटमध्ये येते सरसकट एका रुंदीची सरळ पट्टी. ती आडवी वाकवायला गेलं की कड उचलते, फटी पडतात. शिवाय बल्कहेड लांबलांब असल्यानं दोहोंमधला भाग चपटा राहतो. हे सगळे दोष पहिला थर पोटात घालतो.

कर्मठांचा आक्षेप असा की, हे जहाज बांधणं नव्हे, प्लायवूडला अक्रोडाचा मुलामा देणं आहे. खऱ्या जहाजाच्या पाण्याखालच्या भागाला पांढरा लेप किंवा तांब्याचे पत्रे असत, वार्निश मारलेला चकचकीत अक्रोड नव्हे. अक्रोडाची ठळक नस तर एवढ्या लहान प्रमाणात ओंडक्यासारखी दिसते. हे मुद्दे खरे आहेत. वरची पातळ पट्टी जास्त घासली तर खालचं लाइमवूड डोकावतं, हेही खरं. तरीही दोन थर नसते तर हा छंद मूठभरांचाच राहिला असता. पहिल्याच जहाजावर बासवूड या मऊ लाकडाच्या एकेरी फळ्या लावायला सांगणारी अमेरिकी किट किती घरांत अर्धवट पडून असतील, याचा कर्मठांनी विचार करावा.

दरम्यान बाकीचं जग बदललं. प्लायवूडवर छापलेल्या रेषांवरून करवत चालवण्याचे दिवस गेले, ठशानं ठोकून कापलेले चेपक्या कडांचे भाग गेले, लेझर आलं. दर आठवड्याला एक अंक आणि त्यासोबत जहाजाचे चार तुकडे देणाऱ्या मालिकांनी युरोपात नवे ग्राहक आणले. पहिला अंक स्वस्त, पूर्ण जहाज महाग. मग फ्रेंच आराखड्यांवरून परवानगीशिवाय केलेली चिनी किट आली आणि हौशी मंडळींच्या काही मंचांवर त्यांच्याबद्दल बोलण्यालाही बंदी झाली.

रंगांनीही फजिती केली. १६२८ मध्ये बुडालेलं ‘वासा’ हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा मागची कोरीव बाजू निळी असावी असं मानलं गेलं आणि किटनी निळा उचलला. पुढच्या संशोधनात तो लाल ठरला. ‘व्हिक्टरी’च्या पिवळ्या पट्ट्यांचंही तेच: २०१५ मध्ये पोर्ट्समथला मूळ जहाज फिकट, गुलाबीकडे झुकणाऱ्या रंगात रंगवलं गेलं आणि पिवळी ‘व्हिक्टरी’ दिवाणखान्यात मिरवणारे हिरमुसले.

आपल्याकडचा धागा यात आहे, पण खोक्यावर दिसत नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे ब्रिटिश लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. त्याचे आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’शी लढताना संपलं. आराखड्यांची दुसरी प्रत मुंबईला पाठवावी लागली. किटच्या दुनियेत मान मात्र ‘कॉन्स्टिट्यूशन’ला.

आता वळणासकट कापलेल्या फळ्यांमुळे नवशिक्यालाही एकेरी थर झेपेल असं म्हणतात. झेपेलही. पण ते वळण संगणकानं आखलेलं आणि लेझरनं कापलेलं असतं, बांधणाऱ्यानं फळीला स्वतः दिलेलं नसतं. त्यामुळे दुहेरी थराला मुलामा म्हणणारे कर्मठ याला काय म्हणणार, हे अजून त्यांच्यातच ठरलेलं नाही.