परभाषेच्या वर्गातलं मौन: ही भीती आली कुठून?

ठाण्यात गोखले रोड, राममारुती रोडच्या परिसरात इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासच्या पाट्या काही नव्या नाहीत. आता जर्मन-जपानी शिकणारेही वाढले आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यामुळे नर्सिंग झालेल्या मुली आणि आयटीआय केलेली मुलं यांच्यासाठीही जर्मन हा पोटापाण्याचा विषय झाला. त्यांच्या वह्या चोख असतात, शब्द पाठ असतात, पण ‘आता तुम्ही बोला’ म्हटलं की माना खाली जातात. मग या मुलांवर ‘बुजरी’ असा शिक्का बसतो. तो अन्यायाचा आहे असं मला ठामपणे वाटतं.

या भीतीकडे अभ्यासकांचंही लक्ष उशिरा गेलं. 1978 मध्ये थॉमस स्कोव्हेल यांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. कुठे भीतीमुळे गुण घटलेले, कुठे थोड्या धास्तीने अभ्यास उलट चांगला झालेला. नेमकी कोणती भीती मोजायची, हेच ठरलेलं नव्हतं.

ते ठरलं अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या वर्गांमधून. 1983 च्या उन्हाळ्यात तिथे परभाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी एक आधारगट काढायचं ठरलं. 225 विद्यार्थ्यांना विचारलं, त्यातल्या 78 जणांनी ‘आम्हाला यायचंय’ असं कळवलं. जागा होती पंधरा-पंधरा जणांच्या दोन गटांपुरती. गटात आलेल्यांनी जे सांगितलं ते आपल्याकडच्या कुठल्याही मुलाने सांगावं असंच होतं: घरी येत होतं, वर्गात उभं राहिल्यावर सगळं पुसलं गेलं. त्यातूनच इलेन हॉरविट्झ, मायकेल हॉरविट्झ आणि जोआन कोप यांचा 1986 चा लेख आणि ही भीती मोजणारी 33 विधानांची प्रश्नावली आली. बोलण्याचा संकोच, परीक्षेची धास्ती आणि लोक नावं ठेवतील ही भीती, या तिन्हींशी वर्गातल्या भीतीचं नातं त्यांनी दाखवलं. पण परभाषेच्या वर्गातली भीती ही या तिघांची नुसती बेरीज नाही, वेगळीच गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या भाषेत शहाणा, हजरजबाबी असलेला माणूस नव्या भाषेत एकदम दुबळा दिसू लागतो, आणि ते दिसणंच त्याला सहन होत नाही. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना धीर देणाऱ्या नर्सला दोन वाक्यांत अडखळावं लागतं तेव्हा काय होत असेल, याचा विचार करून पाहावा.

याला विरोधही झाला. भीती हे कारण नसून परिणाम आहे, मूळ अडचण भाषा शिकण्याच्या क्षमतेतच असते, असं रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गँशो या अभ्यासकांनी 1990 च्या दशकात मांडलं. तो वाद पूर्ण मिटलेला नाही.

आपल्याकडे मात्र या भीतीला शाळेचं खतपाणी मिळालं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवलेल्या पिढ्यांना वाक्य मराठीतून इंग्रजीत न्यायचं होतं, कुणाशी बोलायचं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होई, नंतर ते पाचवीवर आलं आणि 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून. वर्षं वाढली, पण बोलण्याला वाव तेवढा वाढला नाही.

दहावीच्या भाषा विषयांतले तोंडी परीक्षेचे 20 गुण आठवा. ते सढळ हाताने वाटले जातात अशी टीका होती, म्हणून 2018-19 मध्ये ते काढून टाकले. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला आणि पुढच्याच वर्षी गुण परत आले. या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती टक्क्यांची आणि अकरावी प्रवेशाची. मुलं बोलू लागली का, हे फारसं कुणी विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कोपरखैरणे किंवा ऐरोलीच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी खाली उतरून पाहा. सिडकोच्या वसाहतींत सातारकर माथाडी, आगरी-कोळी, दाक्षिणात्य, गुजराती अशी सगळी घरं शेजारी-शेजारी आली. इथली मराठी मुलं क्रिकेट खेळता खेळता हिंदी बोलायला शिकली. व्याकरणाच्या चुका करतच शिकली, पण खेळ थांबवून त्या कुणी दुरुस्त केल्या नाहीत. तीच मुलं वर्गात मुकी होत असतील, तर दोष स्वभावात शोधण्यात अर्थ नाही.

जर्मनचा प्रश्न जास्त तातडीचा आहे. ग्योटे इन्स्टिट्यूट या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या बी-1, म्हणजे मधल्या पातळीच्या, परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं या चारही भागांत शंभरपैकी किमान 60 गुण लागतात. लेखनात नव्वद मिळाले म्हणून बोलण्यातले पन्नास चालत नाहीत, तो भाग पुन्हा द्यावा लागतो. तिथे साधारणपणे दोन उमेदवार समोरासमोर बसतात, एखादा बेत मिळून ठरवतात, मग एकेका विषयावर बोलतात आणि जोडीदाराच्या प्रश्नाला उत्तर देतात. त्यामुळे क्लासमध्येही पहिल्या आठवड्यापासून मुलांना जोडीजोडीने बोलायला बसवावं, आणि वाक्य पुरं होईपर्यंत शिक्षकांनी मध्ये चूक काढू नये.