स्मार्टफोन आणि ग्रामीण विदर्भातील संवाद

विदर्भाच्या ११ जिल्ह्यांतील खेड्यांत स्मार्टफोन आल्यापासून बोलण्याच्या, निरोप धाडण्याच्या आणि एकमेकांकडे जाण्यायेण्याच्या रीतींत जो बदल झाला, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. साधा मोबाइल येथे आधीच पोचला होता, पण त्याचा उपयोग बोलण्यापुरता आणि बॅलन्स वाचवण्यासाठी मिस्ड कॉल देण्यापुरता होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा सुरू झाली, पहिले काही महिने इंटरनेट फुकट मिळाले आणि इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. तेव्हापासून व्हिडिओ पाहणे व पाठवणे खेड्यातील सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. त्याच सुमारास मेळघाटातील हरिसाल हे ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. मात्र मेळघाटाच्या व गडचिरोलीच्या आतल्या वस्त्यांत रेंजसाठी टेकाडावर जाऊन उभे राहावे लागण्याचा अनुभव त्यानंतरही कायम होता.

सर्वांत ठळक बदल निरोपाच्या रीतीत झाला. लग्नपत्रिकेला हळदकुंकू लावून ती गावोगावच्या सोयऱ्यांकडे स्वतः नेऊन देण्याची प्रथा होती. त्या निमित्ताने चहापाणी होई, पीकपाण्याची चौकशी होई, कोणाची मुलगी उपवर झाली हेही कळे. आता पत्रिका व्हॉट्सॲपवर येते, आणि ‘मोबाइलवर टाकली म्हणजे पत्रिका देल्ली काय?’ हा रुसव्याचा नवा प्रकार तिच्यासोबत आला आहे. बहुतेक घरांनी यातून मध्यममार्ग काढलेला दिसतो: ओळखीच्यांना फोनवरून, तर भाऊबंद, मामाकडचे लोक आणि व्याही यांना हातात. परिणामी छापील पत्रिकेचा मान कमी होण्याऐवजी वाढला. पूर्वी ती सर्वांनाच मिळत असे, आता ती मिळणे हे जवळिकीचे लक्षण ठरते. मयतीच्या खबरीबाबत मात्र असा रुसवा सहसा दिसत नाही, कारण तेथे वेळेवर पोचणे मानापेक्षा महत्त्वाचे असते.

भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. शाळेत शिकवलेले लेखन प्रमाण मराठीत असते, तर घरचे बोलणे वऱ्हाडीत किंवा पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीत. त्यामुळे पत्र लिहायला बसलेला माणूस आपली बोली बाजूला ठेवून ‘पत्र लिहिण्यास कारण की’ असे लिहीत असे. व्हॉइस मेसेजने ही अडचणच दूर केली. ‘कुठी हायेस? काय करून रायला? सोयाबीन सोंगून झालं काय?’ हे जसे बोलले जाते तसेच धाडले जाते, आणि ज्यांचा लिहिण्याचा हात नाही अशा वयस्कांनाही ते जमते. ‘कुठी हायेस’ हा प्रश्न कुशल विचारण्याच्या आधी येतो, हेही फोन खिशात फिरू लागल्याचेच फळ आहे.

फोन घरात आला तरी तो घरातल्या सर्वांचा झाला असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के भारतीय स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल असल्याचे आढळले. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो घरच्या पुरुषासोबत वावरात जातो, आणि २०२० च्या टाळेबंदीत मुलांची शाळाही त्याच फोनवर भरू लागल्याने त्यावरून ओढाताण झाली. दुसरीकडे, सासरी गेलेल्या मुलीला पूर्वी माहेरची खबर मुराळी, म्हणजे तिला माहेरी न्यायला येणारा माणूस, येईपर्यंत मिळत नसे; आज आई तिकडे चुलीवरचे भाकरीचे तवे दाखवते आणि इकडे मुलगी गोठ्याच्या आडोशाला उभी राहून, कारण घरात सासू ऐकते, मनातले सांगते.

शासकीय व्यवहारांनी फोनला आणखी एक काम दिले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून पिकाचा फोटो नोंदवणे अपेक्षित झाले. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्जही ॲपवरून भरले गेले. ज्यांना हे जमत नाही ते शेजारच्या शिकलेल्या पोराला गाठतात. पूर्वी गावात पत्र वाचून दाखवणाऱ्याला जे स्थान होते, ते या पोराकडे आले आहे, आणि त्याच्यापुढे आधारकार्ड, बँकेचे पासबुक व ओटीपी असे सगळेच उघडे पडते.

पारावर व पानठेल्यावर माणसे आजही जमतात. फरक इतकाच की बोलण्यात खंड पडला की माना खाली जातात. फोनमुळे एकत्र जमणेच संपले, हा सर्रास केला जाणारा दावा मात्र झाडीपट्टीत टिकत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, पाहुणे येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांना तिकीट काढून गर्दी होते. त्या नाटकाची जाहिरात तेवढी फोनवरून फिरते.

अफवांचा धोका साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भिक्षेकरी जमातीच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. विदर्भातील गावांनी स्वतःही निर्बंधाचा प्रयोग केला आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्शी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. बंदी मुलांपुरती होती. पारावरच्या मोठ्यांचे फोन तिच्या कक्षेत येत नव्हते.